आपोआप व्हायचं ते आता ठरवून : कंपवाताच्या पहिल्या वर्षासाठी

माझा आजार सगळ्यात आधी बँकेने पकडला. सही जुळत नाही म्हणून चेक परत आला. तीस वर्षं हिशेबखात्यात एकच सही ठोकत आलो होतो आणि मी काउंटरवर तावातावाने भांडलो. घरी आल्यावर बायकोने जुनी सही आणि नवी सही शेजारी शेजारी ठेवली. नवी मुंगीच्या रांगेसारखी, शेवटी शेवटी तर दिसेनाशी होणारी. मग मी गप्प बसलो. तिला त्याआधीच शंका आली होती. कमाटीबागेत फेरी मारताना ती म्हणायची, "उजवा हात खिशात घातल्यासारखे काय चालता हो?"

न्यूरोलॉजिस्टने बोटं आपटायला लावली, मनगट फिरवून पाहिलं, खोलीत चार फेऱ्या मारायला लावल्या आणि पार्किन्सन सांगितला. आपल्याकडे कंपवात म्हणतात. रक्ताच्या तपासणीत तो दिसत नाही. एमआरआय काढतात तो बहुतेकदा दुसरं काही नाही ना हे पाहायला. त्याला आता नऊ वर्षं झाली.

बडोद्यातल्या मराठी घरांत कोणाला हे निदान झालं की फिरत फिरत माझा नंबर त्यांच्याकडे पोचतो. फोनवर सगळे एकच विचारतात, "आता काय करायचं?" त्यांना जे सांगतो ते इथे क्रमाने लिहितो. मी डॉक्टर नाही. कुठली गोळी, किती, कधी बदलायची, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यायचं. बाकीचं पुष्कळ काही मात्र आपल्याच हातात असतं, थरथरत्या का होईना.

आधी आजार समजून घ्या

मेंदूच्या आत खोलवर काळसर पेशींचा एक छोटा पट्टा असतो. तिथे डोपामिन नावाचं रसायन तयार होतं. या पेशी हळूहळू कमी होत जातात आणि लक्षणं दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. त्यामुळे "दोन वर्षं आधी कळलं असतं तर" असं स्वतःला लावून घेऊ नका. वास येईनासा होणं, बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं हे सगळं कितीतरी वर्षं आधी सुरू झालेलं असू शकतं, पण त्यावरून कोण कशाला न्यूरोलॉजिस्टकडे जाईल?

लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने १८१७ साली या आजारावर पहिला निबंध लिहिला. त्यात सहा रुग्ण आहेत आणि त्यातल्या काहींना त्याने रस्त्यात नुसतं पाहिलं होतं. मला यात नवल वाटत नाही. दांडिया बाजारात ओट्यावर बसून मीसुद्धा आता चालण्यावरून माणूस ओळखतो.

मला सहा महिने लागलेली गोष्ट तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. आपली ताकद गेलेली नसते. गेलेलं असतं ते 'आपोआप'. चालताना हात हलणं, पाऊल पुरेसं मोठं पडणं, पापणी लवणं, बोलताना आवाज चढणं, लाळ गिळणं, हसू येणं, हे निरोगी माणूस ठरवून करत नाही. आपल्याला ते ठरवून करावं लागतं. ठरवलं तर जमतं, कारण लक्ष देऊन केलेल्या हालचालीचा रस्ता मेंदूत वेगळा आहे आणि तो बराच शाबूत असतो. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आणि हो, प्रत्येकाचा कंपवात वेगळा. काहींना कंप अजिबात नसतो, नुसता ताठरपणा आणि मंदपणा. शेजारच्या काकांचं पाच वर्षांत काय झालं हे ऐकून आपली कुंडली मांडू नका.

पहिला आठवडा : एक वही आणि एक घड्याळ

शंभर पानी वही घ्या. रोज चार गोष्टी लिहा : गोळी किती वाजता घेतली, जेवण किती वाजता, अंग मोकळं कधी वाटलं, अडकल्यासारखं कधी वाटलं. आम्ही त्याला 'गोळी चढली' आणि 'गोळी उतरली' म्हणतो. डॉक्टरांसमोर आपण नेमके तरतरीत असतो, किंवा नेमके गळलेले. दहा मिनिटांत त्यांना महिना दिसत नाही, वहीत दिसतो. दोन आठवड्यांची वही पुढे ठेवली की डॉक्टर अर्ध्या तासाने एखादा डोस अलीकडे ओढतात आणि संध्याकाळ सुधारते. माझी सुधारली.

बहुतेकांना लेव्होडोपा आणि कार्बिडोपा यांची जोडगोळी मिळते. लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन होतं. कार्बिडोपा त्याला वाटेतच खर्च होऊ देत नाही आणि मळमळही कमी ठेवते. "आत्ताच गोळी घेतली तर पुढे लागू पडणार नाही, म्हणून पुढे ढकलतो," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. गोळी वाचवल्याने आजार थांबत नाही, फक्त मधली चांगली वर्षं वाया जातात.

जेवणाचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण आपल्या घरात इथेच घोटाळा होतो. डाळ, दूध, पनीर, शेंगदाणे यांतलं प्रथिन आणि ही गोळी आतड्यातून एकाच दारातून आत जातात. दोघं एकदम आले की गोळी बाहेर उभी राहते. म्हणून साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास, नाहीतर जेवणानंतर तासाभराने ती घ्यायला सांगतात. सकाळी खमणाची प्लेट आणि दुधाचा चहा, त्याच घोटाबरोबर गोळी, आणि मग "आज गोळी लागलीच नाही". लागणार कशी? सुरुवातीला मळमळत असेल तर गोळीबरोबर एखादी खारी किंवा कोरडं बिस्किट चालतं. पण यावरून कोणी डाळच बंद करायचा सल्ला दिला तर ऐकू नका. आपलं वजन तसंच कमी होतं, प्रथिन हवंच. मी ते रात्रीच्या जेवणात ढकललं आहे. लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि या गोळीत किती तासांचं अंतर ठेवायचं, हेही डॉक्टरांना विचारा.

गोळी एकदम बंद कधीही करायची नाही. उपासाला नाही, वैद्यबुवांनी सांगितलं म्हणून नाही, आणि "बरं वाटतंय" म्हणून तर मुळीच नाही. अचानक बंद केल्याने अंग लाकडासारखं होऊन तीव्र ताप येऊ शकतो आणि ते जिवावर बेततं. मुंबई-पुण्याला निघताना गोळ्या मोठ्या बॅगेत न टाकता खांद्याच्या पिशवीत ठेवा, तीन-चार दिवसांच्या जास्तीच्या.

पाकिटात एक कार्ड

हे काम आजच करा. कार्डावर लिहा : मला पार्किन्सन आहे, माझ्या गोळ्यांची नावं आणि वेळा या, आणि मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन मला देऊ नयेत. पहिली दोन उलटी-मळमळीवर आणि पुढची दोन चक्करेवर सर्रास लिहून देतात. चौघीही डोपामिनच्या कामात पाय घालतात. दुसऱ्या कशासाठी दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर हे कार्ड आधी नर्सच्या हातात द्या आणि गोळीची वेळ चुकवू नका म्हणून सांगा. मी एकदा पोट बिघडून भरती झालो होतो. आठची गोळी मला साडेअकराला मिळाली, कारण 'राउंड नंतर' होता. तोपर्यंत मला कुशीवर वळता येईना.

थंडीत गुजराती शेजारी प्रेमाने कौंचपाक आणून देतात. कौंच म्हणजे आपली खाजकुयली आणि तिच्या बियांत लेव्होडोपा नैसर्गिकच असतो. म्हणून तो 'नुसता पाक' नाही, जास्तीचा डोस आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका. आयुर्वेदाला माझा विरोध नाही, पण दोन स्वयंपाकी एकाच पातेल्यात मीठ घालू लागले की काय होतं ते माहीत आहे ना?

डोपामिनसारखं काम करणाऱ्या काही गोळ्यांनी (प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल) माणसाला खर्चाची, जुगाराची, सट्ट्याची अनावर ओढ लागू शकते. ओळखीतल्या एका सज्जन गृहस्थांनी रात्री दोनपर्यंत मोबाइलवर शेअर घ्यायला-विकायला सुरुवात केली. घरचे म्हणाले, बडोद्याची हवा. हवा नव्हती, गोळी होती. डॉक्टरांनी ती बदलल्यावर थांबलं. तेव्हा असल्या गोळ्या सुरू होत असतील तर घरच्यांना आधी सांगून ठेवा. आपलं आपल्याला कळत नाही.

पहिला महिना : चालणं पुन्हा शिका

नोकरीला लागायच्या कितीतरी आधी, शाळेत असताना, मी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचो. प्रोफेसर माणिकरावांनी नावारूपाला आणलेली ही जागा दांडिया बाजारात आहे, ठाऊक असेलच. तिथे लेझीम शिकलो. साठीकडे झुकल्यावर ती अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

कंपवातात पावलं लहान होतात, घसटतात, आणि कधी दारात किंवा वळताना पाय जमिनीला चिकटतात. बाहेरून ताल मिळाला की पाऊल मोकळं होतं. फिजिओथेरपिस्ट त्यासाठी टिकटिक करणारं यंत्र लावतात. मी मनात लेझमीचे चार ठोके मोजतो. तुमच्या डोक्यात गरब्याच्या टाळ्या असतील तर त्या घ्या, नवरात्र आयुष्यभर ऐकलेल्या माणसाला यंत्र कशाला? खुर्चीची पाठ धरून घरात टाळ्यांवर पाय टाका. गिरकी मात्र नको.

असं करा :

१. सरळ उभे राहा, नजर दहा पावलं पुढे. खाली पायाकडे पाहू नका.

२. टाच आधी टेकवा. मुद्दाम, अति वाटेल इतकं मोठं पाऊल टाका. आपल्याला 'अति' वाटतं तेव्हा ते बघणाऱ्याला साधं दिसतं.

३. हात ठरवून हलवा. पिशवी, मोबाइल हातात नको. चालताना बोलायचं असेल तर थांबा, बोला, मग चाला. दोन कामं एकदम हा आता आपला प्रांत नाही.

४. वळताना जागच्या जागी फिरू नका. रिक्षा वळते तसा मोठा अर्धगोल घ्या.

५. पाय चिकटलाच तर ओढाताण करू नका. पूर्ण थांबा. श्वास घ्या. वजन एका पायावरून दुसऱ्यावर झुलवा. समोरच्या फरशीची रेघ ओलांडायची आहे असं ठरवून पाऊल उचला.

सोबतच्या माणसाने अशा वेळी हात धरून खेचायचं नाही, त्याने तोल जातो. शेजारी उभं राहून "एक, दोन, चला" म्हणायचं, किंवा आपलं पाऊल त्याच्या पावलासमोर आडवं ठेवायचं. ते ओलांडायला पाय लगेच उठतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला जादू वाटते.

व्यायाम आठवड्याला एकूण १५० मिनिटं तरी हवा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत दमछाक झाली पाहिजे. रमतगमत फेरी मारून बाकावर बसणं याला व्यायाम म्हणत नाहीत, मग ती फेरी कमाटीबागेत का असेना. गोळी चढलेली असताना व्यायाम करा. तोल, ताकद, लवचीकपणा यांसाठी फिजिओथेरपिस्टकडे सुरुवातीलाच जा. 'पडल्यावर जाऊ' असं करू नका. गल्लीतल्या गाई, आडव्या लावलेल्या स्कुटी आणि उखडलेल्या फरश्या यांच्याशी स्पर्धा असेल तर आणखी लवकर जा.

मोठ्याने बोला, हळू गिळा

"तुम्ही पुटपुटता," असं बायको म्हणाली की मी चिडायचो. मला तर मी ओरडतोय असंच वाटत होतं. हीच गंमत आहे. आवाज मोजणारी आतली फूटपट्टी छोटी झालेली असते. उपाय एकच, आपल्याला ओरडल्यासारखं वाटेल इतकं मोठ्याने बोलायचं. रोज लांब 'आऽऽ' म्हणा, जितका वेळ टिकेल तितका. मग पेपर मोठ्याने वाचा, दुसऱ्या खोलीतल्या माणसाला ऐकू गेला पाहिजे. गणपतीत आरत्या टाळ्यांसकट म्हणा. ताल, श्वास, आवाज, तिन्ही एकाच वेळी होतात आणि कोणी विचारत नाही की हे काय चाललंय.

गिळण्याकडे लोक फार उशिरा पाहतात. जेवताना ठसका लागणं, जेवणानंतर आवाज ओला घरघरीत होणं, हे डॉक्टरांना सांगायचंच, कारण अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. ताठ बसा, लहान घास घ्या, गिळताना हनुवटी किंचित खाली, तोंडात घास असताना गप्पा नाहीत. सगळ्यात अवघड असतं ते पातळ आणि घट्ट एकत्र. म्हणजे आपली सेवउसळ! पातळ तर्री पुढे पळते, कुरकुरीत शेव मागे राहते. मी सोडलेली नाही. शेव पाच मिनिटं भिजू देतो, चमच्याने घेतो, आणि त्या वेळी कोणाशी बोलत नाही. बडोद्याच्या माणसाला सेवउसळ सोडा म्हणणारा मार्गदर्शक मी लिहिणार नाही.

पाणी भरपूर प्या, तंतुमय खा. पोट साफ नसेल तर गोळीसुद्धा उशिरा चढते.

घरात काय बदलायचं

झोपाळ्यापासून सुरुवात करा. बसणं सोपं, उतरणं धोक्याचं. उठताना तो मागे सरकतो आणि आपण पुढे. कोणीतरी कडी धरल्याशिवाय उठायचं नाही. खुर्ची उंच, हातांची. उठताना आधी कडेला सरका, पाय मागे घ्या, नाक पायाच्या बोटांपुढे येईल इतके वाका, "एक, दोन, तीन" आणि उठा.

रात्री कूस बदलता येत नाही ही तक्रार सगळ्यांची. चादरीवर कमरेच्या भागात जुनी रेशमी साडी आडवी पसरून खोचून टाका. अंग सरकतं. खाटेच्या कडेवर मात्र रेशीम नको, नाहीतर उठून बसताना खाली याल.

सकाळी उठल्यावर दोन मिनिटं बसा, मग उभे राहा. आजाराने आणि गोळ्यांनीही उभं राहताच रक्तदाब पडू शकतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे वाढतं. डॉक्टरांना झोपून आणि उभ्याने असा दोन्ही वेळा मोजायला सांगा.

पायपुसणी काढा, न्हाणीघरात दांडा लावा, मागे पट्टा नसलेल्या चपला बंद. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना, गच्चीवर जायचं तर जा, पण कठड्यापासून लांब खुर्ची टाकून फिरकी धरायला बसा. मान वर करून मागे पावलं टाकणं हा आपल्यासाठी सगळ्यात वाईट खेळ आहे. दुचाकी मी विकली. त्या दिवशी जेवलो नव्हतो.

मनाचं

उदासपणा आणि घबराट हा या आजाराचाच भाग आहे. डोपामिन मनाच्या उत्साहालाही लागतं. तेव्हा "मन खंबीर ठेवा" सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यावर औषध असतं. पुष्कळदा घबराट गोळी उतरतानाच येते. वहीत वेळ लिहिली की ते दिसतं, आणि मग ती निम्मी होते. नसलेली माणसं किंवा मुंग्या दिसायला लागल्या तर लाजू नका, त्याच आठवड्यात कळवा. रात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही.

उत्साह आपोआप येणार नाही, हे एकदा मान्य केलं की सोपं होतं. वाट पाहायची नाही, वेळ ठरवायची. माझा बुधवार संध्याकाळ मित्रांच्या कट्ट्याचा. जावंसं कधीच वाटत नाही. तरी सहा वाजता निघतो, आणि परतताना बरं वाटलेलं असतं.

चेहरा मुखवट्यासारखा होतो त्याचीही तयारी ठेवा. भाचीच्या लग्नात व्याही विचारत होते, "मामा नाराज आहेत का?" आता मी आधीच सांगतो : "मला कंपवात आहे. चेहऱ्यावर दिसत नाही, पण मी मजेत आहे. बोलायला वेळ लागतो, तेवढं थांबा." तीन वाक्यं पाठ करून ठेवा, मराठीत आणि गुजरातीत. लपवण्यात जी शक्ती जाते ती फार मोठी असते, आणि ताण आला की कंप वाढतो तो वेगळाच.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. मला आधी हे शब्द जरा गोडगोड वाटले होते. पण 'पेशंट' म्हटलं की खाटेवरचा माणूस डोळ्यांसमोर येतो, तसं यात होत नाही. शुभंकरांना एकच सांगणं : शर्टाची बटणं आम्हाला लावू द्या. सात मिनिटं लागतील. घाई असेल त्या दिवशी तुम्ही लावा, रोज नको. आणि आठवड्यातून एक दुपार आमच्याशिवाय बाहेर जा. माझी बायको भजनीमंडळात जाते. त्या वेळी शेजारचा मुलगा येऊन बसतो आणि माझ्याकडून बुद्धिबळात हरतो.

कागदपत्रं

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात जी २१ प्रकारची अपंगत्वं आहेत त्यांत पार्किन्सन आहे. चालण्या-वागण्यावर बराच परिणाम झाला असेल तर यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज करा. चाळीस टक्के किंवा अधिकचं प्रमाणपत्र मिळालं तर बहुतेक सवलती लागू होतात. प्राप्तिकरातल्या वजावटीबद्दल आपल्या सीएला विचारा. बँकेत खातं दोघांच्या नावाने, 'दोघांपैकी कोणीही' असं करून घ्या, आणि नव्या सहीचा नमुना आत्ताच देऊन या. रेघांच्या कागदावर, मोठी अक्षरं काढायचं ठरवून. मी तीन वर्षांनी एकदा बदलतो.

फिरत फिरत माझा नंबर तुमच्याकडे आलाच तर सकाळी अकरा ते एक किंवा दुपारी चारनंतर फोन करा. त्या वेळी गोळी चढलेली असते, माझा आवाज ऐकू येतो.